मनगटातील रुंद फट आणि दुखापतीचे निदान

मनगटाच्या एक्स-रेत स्कॅफॉइड आणि ल्युनेट या मनगटातील दोन लहान हाडांमधील फट रुंद दिसली म्हणजे त्यांना जोडणारा अस्थिबंध (हाडे एकत्र बांधून ठेवणारा चिवट पट्टा) तुटलाच, असे काही जण गृहीत धरतात. त्यात थोडी भर घालतो. प्रौढांमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट संशयास्पद मानतात हे खरे, परंतु काही व्यक्तींमध्ये ल्युनेट आणि शेजारचे ट्रायक्वेट्रम ही हाडे जन्मतःच जुळलेली असतात आणि अशा मनगटात अस्थिबंध शाबूत असूनही ही फट रुंद दिसू शकते. मूळचे सांधे सैल असणाऱ्यांचेही तसेच. लहान मुलांत तर हाडांचा बराच भाग अजून कूर्चेचाच (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीचा) असतो, आणि कूर्चा एक्स-रेवर उमटत नसल्याने अंतर नसतानाही दिसते.

म्हणून दुसऱ्या, न दुखणाऱ्या मनगटाचा एक्स-रे त्याच स्थितीत काढून तुलना करावी. हा साधा उपाय अनेकदा टाळला जातो, याचे मला नवल वाटते. फट दोन्हीकडे सारखी असेल, मूठ आवळल्यावर वाढत नसेल आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत स्कॅफॉइड आणि ल्युनेटमधील कोन नेहमीच्या ३० ते ६० अंशांत असेल, तर दुखापतीची शक्यता बरीच कमी होते. मात्र पडल्यानंतर नेमक्या त्या फटीच्या जागी दाबल्यावर वेदना होत असतील, तर केवळ तुलनेवर न थांबता एमआरआयचा विचार करावा.