ट्रिस्टन दा कुन्हा: जेमतेम अडीचशे माणसांचा कारभार आणि अर्थव्यवहार चालतो तरी कसा?

नकाशेवेडा:
दक्षिण अटलांटिक महासागराच्या नकाशात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात ट्रिस्टन दा कुन्हा नावाचा एक ठिपका दिसतो. गेले काही आठवडे मी मिळेल ते या बेटाविषयी वाचतो आहे. सर्वांत जवळची मनुष्यवस्ती म्हणजे सेंट हेलेना, आणि तेसुद्धा सुमारे २,४०० किलोमीटर दूर. केपटाऊन सुमारे २,८०० किलोमीटरवर आहे. बेटावर धावपट्टी नाही, त्यामुळे केपटाऊनहून जहाजाने जायचे तर आठवडाभर तरी लागतो आणि पोहोचल्यावर समुद्र खवळलेला असेल तर उतरायला मिळेलच असेही नाही. सगळी लोकवस्ती ‘एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज’ या एकाच गावात आहे आणि ती अडीचशेहून थोडी कमीच आहे.

इथवर समजले, पण दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. एवढ्याशा लोकांमध्ये निर्णय कोण घेते आणि तो सर्वांना मान्य कसा होतो? आणि शाळा, दवाखाना, वीज या सगळ्यासाठी लागणारा पैसा येतो कुठून? १९६१ साली ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे सर्व बेटवासीयांना इंग्लंडला हलवण्यात आले होते. तेथे नोकऱ्या आणि घरे मिळालेली असतानाही बहुतेक जण परत का गेले, हेही जाणून घ्यायला आवडेल.

दर्यासारंग:
या बेटाची सुरुवात पाहिल्याशिवाय तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना त्याच्या सुटकेसाठी कोणी या बेटाचा उपयोग करू नये म्हणून १८१६ साली ब्रिटिशांनी येथे लष्करी तुकडी ठेवली. पुढच्याच वर्षी ती परत बोलावली गेली, तेव्हा विल्यम ग्लास या स्कॉटिश कॉर्पोरलने पत्नी आणि मुलांसह मागे राहण्याची परवानगी घेतली. त्याच्यासोबत राहिलेल्या दोन गवंड्यांनी आणि त्याने १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये एक करारनामा केला: जनावरे आणि सामान सर्वांच्या सारख्या मालकीचे, नफा सारखा वाटायचा, आणि कोणीही कोणाहून वरचा मानायचा नाही. हा करारनामा म्हणजे केवळ तीन माणसांची आपापसातली समजूत होती, हे खरे. पण पुढच्या दोनशे वर्षांत या बेटावर जे जे नियम झाले, त्यांत तोच धागा मला दिसतो.

आजही बेटावरची जमीन सामाईक आहे. बाहेरच्या माणसाला येथे जमीन विकत घेता येत नाही आणि स्थायिकही होता येत नाही. गुरे आणि मेंढ्या किती पाळायच्या यावर नियमाने मर्यादा आहे. गावाजवळचा सपाट भाग फारच थोडा. बाकी सारा २,००० मीटरहून उंच ज्वालामुखी, क्वीन मेरीज पीक, आणि त्याचे कडे. त्यामुळे एका घराने कळप वाढवला तर शेजाऱ्याच्या जनावरांना चारा उरणार नाही. समता ही येथे तत्त्वाइतकीच कुरणाची गरज आहे, असे माझे मत आहे.

कारभाराची रचना अशी आहे की, २००९ च्या राज्यघटनेनुसार सेंट हेलेना, असेन्शन आणि ट्रिस्टन दा कुन्हा मिळून ब्रिटनचा एक सागरपार प्रदेश होतो आणि त्यांचा गव्हर्नर सेंट हेलेनावर असतो. ट्रिस्टनवर त्याच्या वतीने ब्रिटनहून आलेला प्रशासक काम पाहतो. त्याच्या सल्ल्यासाठी बेट परिषद असते. तिच्यात आठ सदस्य निवडून येतात, तीन नेमले जातात, आणि निवडून आलेल्यांत किमान एक स्त्री असावीच लागते. निवडणूक दर तीन वर्षांनी होते आणि निवडून आलेल्यांपैकी एकाला ‘मुख्य बेटवासी’ म्हणून मान मिळतो. प्रशासक बेटाबाहेर असला की कारभार या मुख्य बेटवासीकडे येतो. राजकीय पक्ष नाहीत. ज्या गावात प्रत्येकाचे प्रत्येकाशी नाते लागते, तेथे विरोधी मत मांडून संध्याकाळी त्याच माणसाबरोबर होडी ओढायची असते, हे लक्षात घेतले म्हणजे परिषदेतले निर्णय बहुधा सहमतीने का होतात ते कळते.

सांजवारा:
दर्यासारंग यांनी कारभाराचे नीट सांगितले आहे, म्हणून मी पैशाबद्दल लिहिते. बेटाचे उत्पन्न मुख्यतः एकाच गोष्टीवर उभे आहे, ती म्हणजे शेवंड (लॉबस्टर). बेटाभोवतीच्या थंड, खडकाळ पाण्यात मिळणाऱ्या शेवंडांची गोठवून परदेशी निर्यात होते. मासेमारीचा परवाना एका कंपनीला दिलेला असतो आणि तिच्याकडून मिळणारे पैसे हा सरकारी तिजोरीचा सर्वांत मोठा भाग असतो. किती पकड करायची याची मर्यादा दरवर्षी ठरते, आणि ती पाळली जाते, कारण शेवंड संपली तर दुसरे काहीच नाही, हे लहान मुलालाही ठाऊक आहे.

मला सर्वांत भावते ती मासेमारीच्या दिवसाची पद्धत. समुद्र शांत असेल तर पहाटे गावातली घंटा वाजते, तिला ते लोक ‘डाँग’ म्हणतात. ती ऐकू आली की पुरुष हातातली नेहमीची सरकारी कामे सोडून होड्या घेऊन निघतात. परत आल्यावर कारखान्यात पकड साफ करणे, वेष्टनात भरणे आणि गोठवणे ही कामे रात्री उशिरापर्यंत चालतात आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. वर्षातून असे दिवस मोजकेच मिळतात, म्हणून एकही वाया घालवायचा नाही, ही सर्वांची समजूत.

एकाच आधारावर उभे राहण्याचा धोका मात्र त्यांनी चांगलाच अनुभवला आहे. २००८ च्या फेब्रुवारीत कारखान्याला आग लागली आणि त्याच्याबरोबर गावाला वीज पुरवणारी जनित्रेही जळाली. नवा कारखाना पुढच्या वर्षी उभा राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ मार्च २०११ रोजी, ‘ओलिवा’ हे सोयाबीन वाहून नेणारे मालवाहू जहाज शेजारच्या नाइटिंगेल बेटावर आदळून फुटले. खलाशी सर्व वाचले, पण तेलाने माखलेले हजारो रॉकहॉपर पेंग्विन किनाऱ्याला लागले. गावकऱ्यांनी त्यांना मुख्य बेटावर आणले, धुतले, आणि गावाचा पोहण्याचा तलाव त्यांच्यासाठी मोकळा करून दिला. त्या काळात नाइटिंगेल आणि इनॅक्सेसिबल या बेटांभोवतीची शेवंडांची मासेमारी बंद ठेवावी लागली. म्हणजे उत्पन्न बुडत असताना ही माणसे पक्ष्यांना वाचवत होती. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

टपाल तिकिटे आणि नाणी संग्राहकांना विकून थोडे उत्पन्न मिळते. घरची गरज भागते ती बटाट्यावर. गावापासून साधारण तीन किलोमीटरवर ‘पॅचेस’ नावाची जागा आहे, तेथे वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून दगडी बांधांनी वेढलेले बटाट्याचे छोटे वाफे कुटुंबांनी वाटून घेतले आहेत. १९४६ साली या बेटासाठी तिकिटांचे जे नमुने तयार झाले, त्यांवर किंमत एक पेनी आणि चार बटाटे अशी दोन्ही प्रकारे छापलेली होती. रोख पैसा तेव्हा बेटावर इतका दुर्मीळ होता.

नकाशेवेडा:
दोघांचेही मनापासून आभार. चार बटाट्यांचे तिकीट डोक्यातून जात नाही. मात्र शेवंडांच्या पैशातून बंदर आणि रुग्णालय कसे काय बांधले जाते? मग याला स्वावलंबन म्हणायचे का?

मीठपाणी:
अर्धेच म्हणावे. रोजचा खर्च आपला आपण भागवायचा ही बेटवासीयांची भूमिका जुनी आहे आणि ती त्यांनी बऱ्याच अंशी निभावली आहे, पण बंदर, रुग्णालय यांसारखी मोठी बांधकामे ब्रिटनच्या मदतीशिवाय शक्य नसतात. रुग्णालय २०१७ साली नवे झाले. १८९२ साली ‘इटालिया’ हे जहाज येथे फुटले तेव्हा त्यावरचे लावारेल्लो आणि रेपेट्टो हे दोन खलाशी बेटावरच राहिले. त्यांच्या इटलीतल्या गावाचे, कामोलीचे, नाव या रुग्णालयाला दिले आहे. गंभीर रुग्णाला मात्र जहाजाने केपटाऊनलाच न्यावे लागते.

तुलनेसाठी प्रशांत महासागरातले पिटकेर्न पाहा. तेही ब्रिटनचेच, तेथेही बेट परिषद आणि महापौर आहे, मध आणि टपाल तिकिटे विकली जातात. परंतु १९३७ साली तेथे २३३ लोक होते, ते आता पन्नासाहूनही कमी उरले आहेत आणि कारभार बहुतांशी ब्रिटनच्या अनुदानावर चालतो. मला वाटते, फरक शेवंडांचा आहे. शिवाय २०२० मध्ये ट्रिस्टनने आपल्या भोवतीच्या सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्राला संरक्षण दिले आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक भागात मासेमारी बंद केली, तरी बेटांलगतची शेवंडांची मासेमारी नियमांनुसार चालू ठेवली.

दर्यासारंग:
नकाशेवेडा, तुमचा तिसरा प्रश्न राहून गेला होता. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये गावाच्या अगदी लगत जमीन फाटली, लाव्हा कारखान्यावर आणि होड्या लावण्याच्या किनाऱ्यावर पसरला, पण घरे बहुतेक शाबूत राहिली. इंग्लंडमध्ये साऊथॅम्प्टनजवळ कॅलशॉट येथे त्यांची राहण्याची सोय झाली. परतण्याविषयी मत घेण्यात आले तेव्हा १४८ जणांनी परत जाण्याच्या बाजूने कौल दिला आणि फक्त पाच जणांनी विरोधात. १९६३ साली बहुतेक सारे परतले. याच लोकांच्या आधीच्या पिढीने १८८५ साली एका जाणाऱ्या जहाजाशी मालाची देवघेव करायला निघालेले पंधरा पुरुष एका दिवसात समुद्रात गमावले होते, तरी बेट रिकामे होऊ दिले नव्हते. इंग्लंडमध्ये त्यांना पगार मिळत होता, पण कोणत्या दिवशी समुद्रावर जायचे हे ठरवणारे ते स्वतः नव्हते, असे मला वाटते.

लाव्ह्याने जुना किनारा गिळल्यामुळे परतल्यानंतर होड्यांसाठी छोटे बंदर बांधावे लागले. आज त्याच बंदरातून शेवंड बाहेर जाते, आणि त्याचे नाव कॅलशॉट बंदर आहे.