मदत हवी आहे: बाबांसाठी मुलांनीच करायची भेट

जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे. लेक नऊ वर्षांची, धाकटा पाचचा. बाबांना विकतचं काही द्यायचं नाही, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलंय. बजेट फार तर १०० रुपये.

ग्रीटिंग कार्ड नको, मागच्या वर्षीचं अजून फ्रिजवर आहे. रोज वापरात येईल असं हवं. यांची रिक्षा आहे. सुट्टे पैसे, पावत्या, चार्जर सगळं समोर विखुरलेलं. म्हणून जुन्या जीन्सचा मागचा खिसा पाठच्या कापडासकट कापून, वर नाडी लावून अडकवायची पिशवी करावी म्हणते. पण कडेचे धागे निघतात. लेकीला धावदोरा येतो, मात्र दुमडलेल्या जाड कापडातून सुई जातच नाही. कडा फेव्हिकॉलने चिकटवल्या तर पावसाळ्यात टिकतील का? मला तरी शंकाच आहे.

धाकट्याला त्यावर वारली माणसं काढायचीत (दोन त्रिकोण आणि एक गोळा, तेवढं जमतं त्याला!). घरातला पोस्टर कलर धुतल्यावर जाणार, मग फॅब्रिक कलरची एकच पांढरी बाटली पुरेल ना?

दुसरं काही सुचलं तर तेही सांगा, फक्त लवकर उरकणारं हवं. धाकट्याच्या पोटात काही राहत नाही.