अनुभव धागा: काम येतं, पण परदेशात पटवायचं कसं?

कार्यशाळेतली ताई

२०२४ साली महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून आमच्या आयटीआयत पालक येतात आणि विचारतात, "मॅडम, पोराला पाठवू का?" मी शिकवते, पण परदेशात कधी काम केलेलं नाही. ऐकीव माहितीवर कुणाच्या पोराला पाठवणं जिवावर येतं. म्हणून ज्यांनी बाहेर जाऊन हातानं किंवा डोक्यानं काम केलंय, त्यांनी इथं लिहा. पगाराचे आकडे नकोत, ते सगळेच सांगतात. तुम्हाला काम येतं हे तिथल्या माणसाला पटवायला काय काय करावं लागलं, ते सांगा. एजंटांनी कृपया दुसरीकडे जावं.

रॉडवाला, खेड

ताई, वेल्डरचं बरं असतं. कागद कमी, पाइप जास्त.

मुंबईत ट्रेड टेस्टला सहा इंची पाइपचे दोन तुकडे ४५ अंशांत तिरके बांधून देतात. ही ६जी पोझिशन. पाइप हलवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. कधी उकिडवं बसून, कधी मान वर करून. जागा अडचणीची असली तर डाव्या हातानंसुद्धा. रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला थर, टिग वेल्डिंगनं मारायचा, वर ७०१८ नंबरच्या रॉडनं फिलिंग (मधले थर) आणि कॅपिंग (वरचा शेवटचा थर). रॉड ओव्हनमधून काढलेला गरमच हवा. दमट रॉड लावला की एक्स-रेत पोरोसिटी (जोडात अडकलेले वायूचे बुडबुडे) दिसलीच म्हणून समजा. नवीन पोरं कॅपिंग चकाचक काढण्यात जीव ओततात. इन्स्पेक्टर आधी बॅटरी घेऊन पाइपच्या आत डोकावतो, रूट सगळीकडून सारखा उतरलाय का बघतो. तिथं गेलं की गेलं.

मी सौदीत जुबैलला होतो, नंतर अमिरातीत रुवैसला. साइटवर पोचल्यावर पुन्हा टेस्ट होतेच. एएसएमई सेक्शन ९ या अमेरिकी वेल्डिंग मानकाप्रमाणे एखाद्या प्रोसेसनं, म्हणजे वेल्डिंगच्या पद्धतीनं, ६ महिने वेल्डिंग केलं नाही, तर त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं. लांब सुट्टीवर गावी आलेले चांगले चांगले टिगवाले त्यात अडकतात. म्हणून कंटिन्युइटी लॉगची (कुठल्या पद्धतीनं कधी वेल्डिंग केलं त्या नोंदीची) झेरॉक्स क्यूसीवाल्याकडून, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्याकडून, मागून घ्यायची, लाजायचं नाही.

आता एजंटचं. दहावी पास असलं की पासपोर्ट ईसीएनआर होतो, म्हणजे आखातात जायला इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. पोरं खूश. पण क्लिअरन्स घेणाऱ्याचा करार ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदला जातो आणि त्याला १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. शिकलेल्याला हे आपणहून बघावं लागतं. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो, तेही पावतीवर. माझ्या चुलतभावाला एकानं याच्या कितीतरी पट पैसे घेऊन व्हिजिट व्हिसावर पाठवलं, "तिकडे गेल्यावर बदलून देतो" म्हणाला. बदलून कोण देतंय! चुलत्यांनी परतीचं तिकीट काढायला आंब्याची कलमं गहाण टाकली.

मेडिकलचं पण सांगतो. लहानपणी टीबी होऊन बरा झालेला असला तरी छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसतो आणि 'अनफिट' शिक्का बसतो. तेव्हा पैसे भरायच्या आधी स्वतःच्या खर्चानं एक्स-रे काढून बघा.

निळी म्हणजे न्यूट्रल

मी जर्मनीत, हाइलब्रॉनजवळ. नाशिकला आयटीआय इलेक्ट्रिशियन, मग एका कारखान्यात मेंटेनन्स.

जर्मनीत माझ्या ट्रेडचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, आपलं आयटीआय दोन वर्षांचं. म्हणून कागद तपासल्यावर 'अंशतः समकक्ष' असा निकाल आला आणि उरलेलं इथं येऊन पूर्ण करायला सांगितलं. ही तफावत अनुभवानं थोडी भरून काढता येते, पण अनुभव दाखवायचा कशानं? आपल्याकडचं पत्र म्हणजे "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामाला होते, वर्तणूक चांगली". माझ्या चांगल्या वर्तणुकीशी इथं कुणाला घेणंदेणं नाही. त्यांना हवं असतं की पॅनल वायरिंग केलं का, किती व्होल्टपर्यंत, मोटर स्टार्टर जोडले का, पीएलसीवर (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरवर) फॉल्ट शोधला का. जुन्या सुपरवायझरला गाठून तसं पत्र नव्यानं लिहून घेतलं, सहीसाठी एचआरच्या दारात बसलो. ताई, पोरांना सांगा, नोकरी सोडतानाच असं पत्र घ्या. आणि दोन्ही वर्षांचा सिलॅबस जपून ठेवा, त्याचं भाषांतर लागतं.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे लाल-पिवळी-निळी या फेज आणि काळी न्यूट्रल. इथं तपकिरी-काळी-राखाडी या फेज आणि निळी न्यूट्रल. म्हणजे ज्या काळ्या वायरला हात लावायला आपण बिचकत नाही, ती इथं जिवंत. डोक्याला कळतं, बोटांना कळायला वेळ लागतो. सुरुवातीला मी प्रत्येक वायर टेस्टरनं बघायचो. सोबतचा म्हातारा कारागीर हसायचा नाही, उलट खूश असायचा. इथं नियमच आहे: बंद करा, पुन्हा चालू होणार नाही अशी सोय करा, व्होल्टेज नाही हे तपासा, मगच हात.

जर्मन भाषा बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, करून आलो, पण साइटवर श्वेबिश ही इथली बोली बोलतात. पुस्तकातलं 'निश्त' (नाही) इथं 'नेट' होतं. पहिला महिना नुसता मान हलवत काढला.

कोथरूड ते श्टुटगार्ट

इंजिनियरांचं वरच्या भावापेक्षा सोपं आहे, उगाच रडू नये. ऑटोमोबाइलमध्ये नोकरी करायला परवाना लागत नाही. अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत तुमचं विद्यापीठ आणि पदवी बघा, ऑफर मिळवा, पगार त्या वर्षीच्या मर्यादेच्या वर असला की ब्लू कार्ड (पदवीधरांचा कामाचा व्हिसा). त्यावर २७ महिन्यांनी कायम वास्तव्य, बी१ जर्मन असेल तर २१. अडतं ते ऑफर मिळण्यावर. सध्या वाहन उद्योगच खोकतोय.

पर्थची पाहुणी

मी मेकॅनिकल, ऑस्ट्रेलिया. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनियरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा) कायम सदस्य आहे, पण फायदा फक्त त्या दर्जाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांना. माझं कॉलेज त्यात नव्हतं. मग एंजिनियर्स ऑस्ट्रेलिया या पात्रता तपासणाऱ्या संस्थेला सीडीआर, म्हणजे आपल्या कामाचा अहवाल, पाठवायचा: तीन प्रसंग, प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्द, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, आणि सगळं "मी केलं" असं. आपली सवय "टीमनं केलं" म्हणायची. माझ्या बॉयलर प्रकल्पात मी नक्की कुठला हिशेब केला, कुठला व्हॉल्व्ह का निवडला, हे आठवायला जुन्या वह्या काढाव्या लागल्या. तयार सीडीआर विकणारे ढिगानं आहेत. नक्कल पकडली गेली की बंदी येते, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

वऱ्हाडी सिव्हिल

कॅनडा, ओंटारिओ. परवान्याशिवाय इथं स्वतःला 'इंजिनियर' म्हणवून घेता येत नाही बरं का, नागपुरातल्या दारावरची पाटी इथं चालत नाही. परवान्यासाठी ४८ महिन्यांचा अनुभव लागतो. पूर्वी त्यातलं एक वर्ष कॅनडातलंच पाहिजे असायचं, म्हणजे परवाना नाही म्हणून काम नाही अन् काम नाही म्हणून परवाना नाही. मे २०२३ मध्ये ती अट काढली. तोवर मी गोदामात खोके उचलत होतो.

कार्यशाळेतली ताई

@निळी म्हणजे न्यूट्रल, वायरच्या रंगांचा तक्ता उद्याच कार्यशाळेत लावते. एक प्रश्न: आखातात काम करून मग ऑस्ट्रेलिया-कॅनडाकडे वळणारे आहेत का?

फिटर, आता चाकण

आहेत. मी कतारहून परतलोय, आता ऑस्ट्रेलियासाठी प्रयत्न चालू आहे. मागच्या १० वर्षांत ज्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलात, तिथलं पोलीस क्लिअरन्स ते मागतात. तिथं असताना काढणं सोपं, इथून काढायचं म्हणजे बोटांचे ठसे, साक्षांकन, ओळखीच्या माणसाला विनवण्या. एक्झिट घेऊन देश सोडायच्या आधीच काढून ठेवा. आणि रॉडवाले भाऊ, रुवैसला कोणत्या शटडाऊनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) होता? मी पण होतो तिकडे.