स्टॅग फील्ड: फुटबॉल बंद झाला म्हणून अणुभट्टी पेटली, हे कुठून काढलंत?

हाइडपार्कवासी
काल 'मूलकण' यांचा लेख वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये अमेरिकन फुटबॉल बंद केला, त्यांचं मैदान स्टॅग फील्ड रिकामं झालं आणि तीन वर्षांत त्याच मैदानाच्या स्टँडखाली भौतिकशास्त्रज्ञ फर्मीने जगातली पहिली अणुभट्टी चालवली. तेव्हा ज्या विद्यापीठाला मोठं व्हायचंय त्याने आधी स्टेडियमला कुलूप लावावं. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवेना, म्हणून हा वेगळा धागा.

अणुभट्टी मुळात तिथे व्हायचीच नव्हती. ती शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात उभी राहणार होती. तिथे बांधकाम कामगारांचा संप झाला, इमारत लांबली, म्हणून फर्मीने स्टॅग फील्डच्या पश्चिम स्टँडखालचं रॅकेटने खेळायचं बंदिस्त कोर्ट सुचवलं आणि प्रकल्पप्रमुख कॉम्प्टनने मान्य केलं. ते कोर्ट खेळाडूंसाठी बांधलेलं होतं. विज्ञानाला तयार छप्पर मिळालं ते खेळानेच दिलेलं.

आणि फुटबॉल जोरात असताना हे विद्यापीठ काय झोपलं होतं? १९०५, १९०७, १९०८ मध्ये प्रशिक्षक स्टॅगच्या संघाने आज बिग टेन म्हणतात त्या विद्यापीठ-गटाचं विजेतेपद घेतलं. १९०७ मध्येच तिथल्या मायकेल्सनला भौतिकीचं नोबेल मिळालं, अमेरिकेचं विज्ञानातलं पहिलं. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा मिलिकनचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग त्याच आवारात, त्याच काळात. १९२४ मध्ये पुन्हा विजेतेपद, १९२७ मध्ये कॉम्प्टनला नोबेल. ज्या कॉम्प्टनने भट्टीला होकार दिला तोच हा कॉम्प्टन.

मी त्या आवारात शिकलो. स्टेडियमच्या जागेवर आता रेगनस्टाइन ग्रंथालय आहे, एलिस अव्हेन्यूवर हेन्री मूरचं अणुशिल्प आहे. तिथे भारतातून आलेले पाहुणे फोटो काढतात आणि इथे ५० हजार माणसं बसत होती हे कुणालाच ठाऊक नसतं. मला त्याचा खरोखर त्रास होतो.

मूलकण
लेख माझाच, म्हणून उत्तर देणं भाग आहे. संपाची हकीकत मला माहीत आहे. पण माझा प्रश्न टाळलात. १९४२ च्या हिवाळ्याआधी दर शनिवारी त्या स्टँडवर हजारो प्रेक्षक येत असते, तर फर्मीला खाली भट्टीसाठी ग्रॅफाइटचे ठोकळे रचू दिले असते का?

दुसरं, १९३९ चा हंगाम तुम्ही सोयीस्कर गाळलात. मिशिगनकडून ८५–०. हार्वर्ड आणि ओहायो स्टेटकडून प्रत्येकी ६१–०. बाकीची विद्यापीठं खेळाडू पोसत होती, त्यांच्यासाठी सोपे अभ्यासक्रम काढत होती. शिकागोसमोर दोन वाटा होत्या: आपणही तेच करायचं, नाहीतर थांबायचं. अध्यक्ष हचिन्सने थांबायचं ठरवलं. माजी विद्यार्थी आणि देणगीदार नाराज होतील हे माहीत असून. असा निर्णय घ्यायला हिंमत लागते. आपल्याकडच्या एकातरी कुलगुरूत ती आहे का?

कोल्हापुरी विंगर
हिंमत कसली त्यात? हरायला लागलं म्हणून खेळच बंद! आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाच गोल खाल्लेली तालमीची टीम पुढच्या रविवारी परत उतरती. लोक शिव्या घालत्यात, पण येत्यात.

अमेरिकन फुटबॉल आमचा नव्हं, हे ठाऊक हाय. पण स्टॅग या माणसाबद्दल बोला की. १८९२ पासून चाळीस वर्षं एका विद्यापीठाचा कोच. मार्शल फील्ड या व्यापाऱ्यानं दिलेल्या जागेवर मैदान केलं, तेव्हा नावही मार्शल फील्ड होतं. तिथंच १९०५ मध्ये मिशिगनला २–० नं हरवलं, आणि त्याआधी मिशिगन ५६ सामने हरलं नव्हतं. मग मैदानाला स्टॅगचं नाव दिलं. एवढ्या माणसाला सत्तरी झाली म्हणून १९३२ मध्ये घरी बसवलं. तो कॅलिफोर्नियात पॅसिफिक कॉलेजला गेला आणि १९३८ मध्ये तोच संघ घेऊन स्टॅग फील्डवर आला. शिकागोला ३२–० नं हरवून गेला. स्वतःच्या नावाच्या मैदानावर! आणि मूलकण साहेब आम्हाला हचिन्सची हिंमत सांगत्यात.

नेपरव्हिलची आई
सगळे पुरुष स्कोअर मोजताहेत, म्हणून लिहिते. माझा मुलगा इथे हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळायचा. डोक्याला मार लागला आणि कोचने त्याच सामन्यात परत मैदानावर पाठवलं. नंतर कितीतरी महिने त्याला उजेड सहन होत नव्हता, पुस्तक उघडलं की डोकं धरून बसायचा. शाळेत जाऊन विचारलं तर सांगितलं, खेळ आहे, लागायचंच.

तुमच्या सोनेरी १९०५ सालाबद्दल थोडं वाचा. तेव्हा अमेरिकेत फुटबॉल खेळताना इतकी मुलं दगावत होती की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलवावं लागलं. शिकागोचा बरवँगर, १९३५ मध्ये सर्वोत्तम विद्यापीठ फुटबॉलपटूची पहिली हाइझमन ट्रॉफी मिळवणारा, त्याला अडवून पाडताना जेराल्ड फोर्डच्या डोळ्याखाली जखम झाली. फोर्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणून तो व्रण कौतुकाने सांगतात. माझ्या मुलाचं कौतुक कुणी करत नाही. हचिन्सने बंद केलं ते उत्तम केलं.

हाइडपार्कवासी
ताई, मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या कोचची बाजू कुणीच घेणार नाही. पण हचिन्सने डोक्याच्या दुखापतींसाठी फुटबॉल बंद केला नव्हता. त्याचा आक्षेप विद्यापीठांनी खेळाचा जो धंदा मांडला होता त्यावर होता. आणि बरवँगरचंच घ्या. १९३६ च्या पहिल्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी विद्यापीठातले खेळाडू निवडले तेव्हा, पहिली निवड त्याची झाली, तरी तो एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. पदवी घेऊन नोकरीधंद्याला लागला. शिकागोचा फुटबॉल अशी मुलं घडवत होता.

राजापूरकर
तुम्ही खेळ आणि पुस्तकं घेऊन बसलात. मला वेगळंच दिसतंय. दाट वस्तीच्या शहरात, विद्यापीठाच्या आवारात अणुभट्टी पेटवली आणि आजूबाजूच्या एकाही माणसाला विचारलं नाही. लोकांचं सोडा, कॉम्प्टनने खुद्द हचिन्सलाही सांगितलं नाही, कारण विचारलं तर त्याला नाही म्हणावं लागेल हे ठाऊक होतं. आणि आपण या जागेला तीर्थक्षेत्र म्हणतोय?

आमच्या जैतापूरला हेच. ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प माडबनच्या सड्यावर बसवायचं दिल्लीत ठरलं, आणि गावात सांगायला आले ते मोजणीचे नकाशे घेऊनच. माझ्या काकांची कलमं होती तिथे. कचेरीत बाबू म्हणाला, ही तर पडीक जमीन. सात पिढ्यांची जमीन पडीक! एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात माणूस गेला. हा सगळा उद्धटपणा सुरू झाला तो त्या स्टँडखालीच.

मूलकण
दोन्हींची तुलना होऊच शकत नाही. २ डिसेंबर १९४२ ला ती भट्टी फक्त अर्धा वॉट शक्तीवर चालली. अर्धा वॉट! टॉर्चचा बल्बही धड पेटणार नाही. साखळी प्रक्रिया रोखणारे कॅडमियमचे नियंत्रक दांडे होते, वर तिघे कॅडमियमचं द्रावण घेऊन उभे होते, आणीबाणीचा दांडा सोडण्यासाठी दोर तोडायला हिलबेरी हा शास्त्रज्ञ कुऱ्हाड घेऊन तयार होता. फर्मी टप्प्याटप्प्याने दांडा काढत, प्रत्येक आकडा आधी गणिताने सांगत होता. अर्ध्यातच जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली. याला बेफिकिरी म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

राजापूरकर
कुऱ्हाड आणि बादल्या, हेच तर म्हणतोय! भट्टीला किरणोत्सर्ग अडवणारं कवच नव्हतं, थंड करायची सोय नव्हती. गणित बरोबर आलं म्हणून आज कौतुक. चुकलं असतं तर किंमत शेजारच्या हाइड पार्क वस्तीने मोजली असती, आणि त्यातल्या कुणालाच कल्पना नव्हती. तुमचा गणितावर विश्वास असेल, पण धोका ज्याच्या दारात आणता त्याला आधी विचारायला नको का? माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो तारापूरला लागू आहे, जैतापूरला लागू आहे, स्टॅग फील्डलाही लागू आहे.

कोल्हापुरी विंगर
अहो, धागा मैदानाचा हाय. जैतापूरवर वेगळा काढा, मी स्वतः येऊन तुमच्या बाजूनं लिहितो.

राजापूरकर
प्रत्येक धाग्यावर हेच ऐकवतात. कोकणचं नाव निघालं की अवांतर. मैदानाच्या इतिहासात ती भट्टी येते ना? मग ती कुणाच्या शेजारी होती हेही येतं.

जुनी खतावणी
राजापूरकरांचा मुद्दा अवांतर नाही. त्यात अजून एक भर. ग्रॅफाइटचे ते हजारो ठोकळे कुणी रचले? शास्त्रज्ञ होतेच, पण कत्तलखान्यांजवळच्या बॅक ऑफ द यार्ड्स वस्तीतली, शाळा सोडलेली पोरंही कामाला घेतली होती. काळ्या भुकटीने माखून दिवसपाळी-रातपाळी करत होती. आपण काय रचतोय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. लिओना वूड्स ही एकटी तरुणी त्या चमूत होती, तिचं नाव आता कुठे घेतलं जातं. त्या पोरांची नावं कोण घेतं?

मात्र युद्ध चालू होतं आणि अणुबॉम्बपर्यंत जर्मन आधी पोचतील ही भीती खरी होती, हे राजापूरकरांनी मान्य करावं. १९४२ चं शिकागो आणि शांततेतलं जैतापूर एकाच तराजूत घालता येणार नाही. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये भट्टी उचलून आर्गॉनलाच नेली.

राजापूरकर
युद्धाचं मान्य. म्हणजे युद्ध नसताना न विचारण्याला काहीच सबब उरत नाही. एवढं तुम्हीही मान्य करा.

मूलकण
ते मान्य. १९४२ बद्दलचं मान्य नाही.

हाइडपार्कवासींना पुन्हा विचारतो. हचिन्सचा निर्णय एका माणसाची लहर होती, तर १९६३ मध्ये फुटबॉल परत आणायचा प्रयत्न झाला तेव्हा तिथले विद्यार्थीच मैदानात जाऊन का बसले? त्यांनी सामना अडवला. पंचविशीही न गाठलेली मुलं होती ती. त्यांनाही कळत होतं की ८५–० पेक्षा मोठी नामुष्की खेळाडू विकत घेण्यात आहे.

हाइडपार्कवासी
सामना अडवला, खरं आहे. पुढचंही लिहा ना. १९६९ मध्ये विद्यापीठाचा संघ अधिकृतपणे परत आला. आता तिसऱ्या श्रेणीत खेळतो, एकाही खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. जुने स्टँड १९५७ मध्ये पाडले होते, तरी काही गल्ल्या पश्चिमेला नवं स्टॅग फील्ड आहे. मी शनिवारी तिथे जाऊन बसलोय. प्रेक्षक मोजके, पण प्रत्येकाला संघातलं कुणीतरी ओळखीचं. संघ परतल्यावर विद्यापीठाचं संशोधन काय थांबलं? म्हणजे दोष मैदानाचा नव्हता. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

मूलकण
शिष्यवृत्तीशिवायच्या, तिकिटांच्या धंद्याशिवायच्या खेळाला माझा विरोध नाही. पण हा खेळ तसा उरला तो १९३९ मध्ये कुणीतरी थांबवला म्हणूनच. ते श्रेय हचिन्सचं आहे आणि ते मी सोडणार नाही.

नेपरव्हिलची आई
तिसऱ्या श्रेणीतही डोकं तेच असतं, आदळणंही तेच. दुखापत झालेल्या मुलाला परत मैदानावर कोण सोडतं, डॉक्टर की कोच, हे मला कुणीतरी सांगा. नियमांत लिहिलेलं नको, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगा.

कोल्हापुरी विंगर
ताई, आमच्या वेळी कोचच सोडायचा. दोनदा बेशुद्ध पडलेला आमचा गोली तिसऱ्यांदा उतरला होता आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. ते चुकीचंच होतं. पण मैदान पाडून ते सुटत न्हाई. मैदानाकडंला डॉक्टर बसवा आणि त्याचा शब्द कोचच्या वर ठेवा. आणि हो, स्टॅगचं नाव त्या शिल्पाजवळ ठळक अक्षरात लिहा. १०२ वर्षं जगला हो तो माणूस.