शिकागो पिकासो जलरंगात: शिल्प मागच्या इमारतीत हरवतंय

प्रश्न
शिकागोच्या डेली प्लाझातल्या पिकासोच्या शिल्पाचं जलरंगचित्र चालू आहे. कागद ए३, ३०० जीएसएम (जाड), कोल्ड प्रेस (दाणेदार पृष्ठभागाचा). शिल्प तपकिरी, मागची इमारतही तपकिरी. तीन हात देऊनही शिल्प पुढे येत नाही, उलट रंग मळला. पुढे भिंतीवर लावण्यासाठी याचे प्रिंट विकायचे आहेत. रंगाचं काय करावं? कायद्याची अडचण येईल का?

प्रतिसाद १
१९६७ चं हे ५० फुटी शिल्प आणि मागचं डेली सेंटर, दोन्ही कॉर-टेन पोलादाचे. या पोलादावर गंजाचा घट्ट थर धरतो आणि तोच आतला धातू राखतो. त्यामुळे डोळ्यांना दिसतो तोच रंग दोन्हीकडे लावला तर शिल्प हरवणारच. इमारत थंड आणि फिकी ठेवा, शिल्प उबदार आणि गडद.

आधी इमारत: अल्ट्रामरीन (निळा) ३ भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) १ भाग, भरपूर पाणी, एकच वॉश (पातळ, सलग हात). काचांत आकाश उतरतंच, त्यामुळे हा निळसरपणा खोटा वाटत नाही. खिडक्यांच्या रेषा शिल्पाच्या कडेजवळ येताना विरू द्या.

मग थांबा. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे.

शिल्पावर बर्न्ट सिएनाचा पातळ हात; उजेडाच्या बाजूला तेवढाच पुरे. सावलीत सिएना आणि अल्ट्रामरीन समसमान, दुधाच्या सायीइतकं दाट, एकदाच. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि गंजाचा पोत आपोआप मिळतो. अर्धवट ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवला की ते कण उठतात. तुमचा रंग मळला तो बहुधा यानेच.

प्रश्नकर्ता
मळलेला भाग वाचेल का?

प्रतिसाद २
कागद शंभर टक्के कॉटनचा असेल तर वाचेल. स्वच्छ ओल्या सपाट ब्रशने हलकेच चोळा, लगेच टिश्यूने टिपा, पूर्ण वाळल्यावर पुन्हा एकदा. त्यापुढे कागदाचे तंतू सुटतात. फ्थॅलो निळा (कागदात मुरणारा रंग) वापरला असेल तर त्याचा डाग मात्र राहणार.

चेहरा आणि मागचे पंखासारखे पत्रे यांच्यामधल्या सळ्या अगदी शेवटी, रिगर ब्रशने (लांब केसांच्या बारीक ब्रशने), एका दमात ओढा. त्यांच्यासाठी मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) नको, ते उजळ रेषा राखायला असतं.

प्रतिसाद ३
अमेरिकेत या शिल्पासाठी अडचण नाही. त्याचा आधी केलेला छोटा नमुना कॉपीराइटच्या सूचनेशिवाय जाहीरपणे मांडला गेला होता, म्हणून १९७० मध्ये अमेरिकेच्या फेडरल न्यायालयाने ते सार्वजनिक मालकीचं ठरवलं. पण याच धाग्याने पुढे मालिका करायची असेल तर सावध राहा. शिकागोतलीच दुसरी शिल्पं, म्हणजे अलेक्झांडर कॅल्डरचा १९७४ चा लाल ‘फ्लेमिंगो’ किंवा अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’, यांना हा निकाल लागू धरू नका. अमेरिकेत रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचं चित्र काढून विकता येतं, शिल्पाला ती सूट नाही. परवानगी आधी घ्यावी लागते.

प्रतिसाद ४
प्रिंटसाठी ६०० डीपीआयला (दर इंचात ६०० ठिपके) स्कॅन करा; ए३ मूळ चित्रातून ३०० डीपीआयचा ए१ निघतो. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, म्हणून कागदाच्या दाण्यांच्या सावल्या उमटतात आणि फिका वॉश मळकट दिसतो. कागद १८० अंश फिरवून दुसरा स्कॅन घ्या, तो संगणकावर पुन्हा सरळ करा आणि ५० टक्के पारदर्शक ठेवून पहिल्यावर बसवा. मूळ चित्र विकणार असाल तर फ्रेममध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालाच; काच थेट कागदाला टेकली की दमट हवेत बुरशी धरते.