अश्विनात स्वतःसाठी अर्धा तास: खान्देशातल्या कोणत्या घरात?

गिरणाकाठ

परवा 'सावदेकर' यांनी इथे लिहिलं की शरद हा वर्षातला सगळ्यात शांत ऋतू. पाऊस सरलेला, आभाळ निवळलेलं. अशा दिवसांत घर उठायच्या आधी अर्धा तास उठा, मोबाइल लांब ठेवा, अंगणात चहा घेऊन एकट्या बसा आणि नको त्या कामाला 'नाही' म्हणा, की संसाराचा तोल आपोआप सापडतो. खाली कितीतरी जणींनी हात जोडले आहेत. मला आलेला संताप अजून उतरलेला नाही, म्हणून वेगळा धागा.

आमच्याकडे, भडगाव तालुक्यात, भाद्रपदाची पौर्णिमा झाली की काय सुरू होतं ते ऐका. आधी पितरं. ज्याची जी तिथी त्या दिवशी सगळा स्वयंपाक, आगारी (विस्तवावर पितरांचा घास), जेवायला भाऊबंद. सर्वपित्री सरते न सरते तोच घट, आणि घट बसायच्या आत घरातली एकूण एक गोधडी, चादर, पडदा धुऊन निघालाच पाहिजे. नवरात्रात उपवासाचं वेगळं, पोरांचं वेगळं, शेतात जाणाऱ्यांचा डबा वेगळा. त्यातच बागायती कपाशीची पहिली वेचणी. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांना आणायला-सोडायला गाडी, शिवाय चहापाणी. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घरी येतो. त्यामागे दसरा, कोजागिरी, घराची रंगरंगोटी, फराळ, भाऊबीज. मध्येच परतीचा पाऊस वळला तर फुटलेला कापूस भिजायच्या आत ओढून आणायचा, तो घरातल्याच एका खोलीत भरायचा, आणि मग पोरांच्या अंगाला खाज सुटली म्हणून रात्रभर जागायचं.

शरद शांत म्हणणाऱ्यांनी 'वैद्यानां शारदी माता' हे जुनं वचन तरी आठवावं. या दिवसांत ऊन पोळतं, पित्त उसळतं, माणसं आजारी पडतात आणि वैद्याचं घर चालतं. दवाखान्यातला बाकडा आमच्याकडे भाद्रपदापासून रिकामा नसतो.

आणि तो पहाटेचा अर्धा तास! नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेही पहाटेच. त्या अर्ध्या तासात मी टाकी, पिंप, हंडे भरते.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाईला शांत बसता येत नाही ते तिला बसायची कला माहीत नाही म्हणून नव्हे, सगळं काम तिच्याच अंगावर आहे म्हणून. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८. ही ८८ सुद्धा जे पुरुष काहीतरी करतात त्यांचीच सरासरी. २०१ मिनिटांचा हा फरक चहाच्या एका कपाने कसा भरून निघणार? आधी कामाची वाटणी, मग शांततेच्या गोष्टी.

केळीबाग

ताई, राग समजतो, पण चुकीच्या माणसावर निघाला. आणि ते सर्वेक्षण राहू द्या, आमच्या रावेर पट्ट्यात कोणाला विचारलं त्यांनी? मी माझं सांगतो. यंदा सीएमव्हीने, म्हणजे केळीवरच्या विषाणू रोगाने, नवी लागवड उपटून फेकावी लागली. व्यापारी भाव पाडतो, गाडी भरायला येतो म्हणतो आणि येत नाही. शेतीची वीज रात्रपाळीला. बीपी एवढं वाढलं की डॉक्टरांनी दम दिला. तेव्हापासून पहाटे पाणी धरून झालं की बांधावर थर्मासमधला चहा घेऊन गप बसतो. कोणाशी बोलत नाही. मला फरक पडला, म्हणजे पडला. डोक्यातला गोंधळ फक्त बायकांनाच असतो असं समजू नका.

सावदेकर

ज्यांच्यावर हा धागा निघाला ती मीच. मी पुण्यात राहते म्हणून मला काही कळत नाही असं समजून लिहिलेलं दिसतंय. सासूबाई अंथरुणाला, दोन मुलं, नोकरी दहा तासांची. गेल्या नवरात्रात उपवास, ऑफिस आणि फराळ हे सगळं ओढताना ओट्यापाशी चक्कर येऊन पडले, कपाळाला टाके पडले. त्यानंतर जे शिकले ते लिहिलं. मी कोणाला जास्तीचं काम सांगितलेलं नाही. 'नाही म्हणा' असं लिहिलं, ते वाक्य तुम्ही सोयीने बाजूला टाकलंत. वाटणी कोणी आणून हातात देत नाही. बाईने एक काम करायचं सोडलं की तिथून ती सुरू होते. गोधड्यांचंच घ्या. घटाच्या आत सगळ्या धुतल्याच पाहिजेत हे ठरवलं कोणी? मी सोडून दिलं. देवी काही रुसली नाही.

पांझरामाय

पोरी, तुनं म्हननं खरं शे, पन गोधडीवर घसरू नको. (नातू लिहून देतोय, म्हणून पुढचं मराठीत.)

घटाआधी गोधड्या धुवायला आम्ही साऱ्या जावा बैलगाडीने पांझरा नदीवर जायचो. सोबत भाकरी, ठेचा, कांदा. गोधडी म्हणजे आईचं, आजीचं लुगडं एकावर एक घालून शिवलेलं. ओली झाली की एकटीला उचलत नाही. एकीने हे टोक धरायचं, दुसरीने ते, आणि उलट-सुलट पीळ द्यायचा. पीळ देता देता जे बोलणं व्हायचं ते घरात कधीच होत नव्हतं. सासूने काय म्हटलं, माहेरी कोण आजारी आहे, कोणाला दिवस गेलेत. गोधड्या खडकावर वाळेपर्यंत निवांत. तुम्ही जी शांतता एकटीने शोधताय ती आम्हाला कामातच मिळायची, कारण सोबत चारजणी होत्या.

पोरींचं पण तेच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गुलाबाई. गल्लीतल्या पोरी या घरून त्या घरी, गाणी म्हणायच्या, डब्यातला खाऊ ओळखायच्या. तेवढा वेळ आईला मोकळीक. आता पोरीला क्लास, आईला मोबाइल. मग म्हणतात शांतता नाही.

अमळनेरची सून

काकू, तुमचा मान ठेवून बोलते, पण हे नदीचं गोड चित्र ऐकून ऐकून आमची पिढी थकली. त्या जावांत जी सगळ्यात धाकटी असायची तिला विचारा. माझी आई सातव्या महिन्यात मोगरी घेऊन नदीवर गेली होती, कारण 'गोधड्यांना नाही म्हणायचं नसतं'. तिची कंबर तेव्हा जी गेली ती आजपर्यंत. खडकावर निवांत बसायचं ते मोठ्या जावांनी. धाकटी मागे पिळत असायची.

आणि नदी आहे कुठे आता? धरणातून आवर्तन सुटलं तर पाणी, नाहीतर डबकं. मी गोधड्या लॉन्ड्रीत टाकते. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, कारण त्या मशीनमध्ये कोणाकोणाचे कपडे पडतात म्हणे, त्यात देवघराच्या खोलीतलं अंथरूण कसं टाकायचं.

दादरची भाकरी

लॉन्ड्रीत गोधडी? टाके तुटतात. जुन्या सुती लुगड्याची गोधडी मशीनच्या गरगर फिरण्याला टिकत नाही, आतल्या थराचा एका कोपऱ्यात गोळा होतो. मी पुरुष आहे आणि आमच्या घरी हे काम मी करतो, म्हणून सांगतो. रात्री कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजत घालायची. सकाळी गच्चीवर पायाने तुडवायची, पोरांना लावा, आवडीने तुडवतात. पिळायची नाहीच, कठड्यावर दुमडून टाकायची, निम्मं पाणी आपोआप निथळतं. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत कडक वाळते.

अमळनेरची सून

म्हणजे आता ही पण शिकवणी. तुम्ही करता, चांगलं करता. पण तुम्ही एक गोधडी धुतली की अख्ख्या गल्लीत नाव होतं. माझ्या आईने आयुष्यभर धुतल्या, तिचं कोणी नाव काढलं नाही.

दादरची भाकरी

नाव व्हावं म्हणून करत नाही. बायकोचा हात मोडला त्या वर्षी सुरू केलं आणि मग सोडलं नाही. पुरुषाने केलं नाही तर शिव्या, केलं तर संशय. मग कोणी कशाला करावं?

कापूसकोंड्या

सगळे गोधड्यांत गुंडाळून बसलेत, पण ताईंनी वेचणीचं लिहिलं ते कोणी धरलंच नाही. घरातली शांतता कशावर असते? कापसाच्या भावावर. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. कागदावर. इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, ते त्या वर्षअखेरीपर्यंत. व्यापाऱ्याला बाहेरचा कापूस स्वस्त पडला, मग आमचा तो कशाला उचलेल? सीसीआयकडे (हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाकडे) न्यायचा तर ॲपवर नोंदणी करा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर दिसला की गाडी परत. दिवाळीच्या तोंडावर कापूस विकला गेला नाही तर पोराला कपडे नाहीत, बायकोशी भांडण, बापाशी भांडण. त्या घरात तुम्ही पहाटे उठा नाहीतर दुपारी, काय फरक पडणार?

गिरणाकाठ

दादा, भावाचं अगदी मान्य. पण वेचणीचं निघालंच आहे तर पूर्ण बोलू. किलोवर मजुरी घेऊन वेचतं कोण? बायाच. कमरेला ओटी, दिवसभर वाकून. वाळलेल्या बोंडाच्या पाकळीचं टोक सुईसारखं, नखाच्या कडेला टोचून टोचून बोटं काळी पडतात, मिठाची भाजी चिवडताना डोळ्यात पाणी येतं. आमच्या शेतात येणारी एक मावशी घरून भाकरी थापून सकाळी निघते आणि दिवस मावळल्यावर जाऊन परत चूल पेटवते. तिचा नवरा? तोही मजूर, पण त्याचं काम संपतं तेव्हा संपतं.

आणि केळीबागवाले दादा, एक विचारते, रागावू नका. तो बांधावरचा थर्मास भरून कोण देतं?

केळीबाग

बायको देते. पुढे? मी रात्रभर पाण्यात उभा असतो ते तुमच्या ८८ मिनिटांत धरलंय का?

गिरणाकाठ

नाही, कारण ते शेतीचं काम, ते वेगळ्या रकान्यात जातं. वहिनी केळीच्या बागेत जातात तेही त्याच रकान्यात. २८९ त्याच्या वर आहेत. तुम्हाला मिळालेला तो गप बसण्याचा वेळ मला मोलाचाच वाटतो. पण तो तुम्हाला मिळावा म्हणून कोणीतरी तुमच्याही आधी उठतं, आणि तिला बांध नाही.

उधन्याहून

सुरतेत राहतो, मूळ शिंदखेडा तालुका. तुम्ही लोक भांडताय ते वाचून वाईट वाटतं. दिवाळीला भुसावळच्या गाडीत दारात लटकून गावी येतो आम्ही. इथे नवरा-बायको दोघं कामाला, खोली एक, पोरं शेजारणीकडे. तुमच्याकडे निदान भाऊबंद आहेत, अंगण आहे. कोजागिरीला आमच्या गावचे लोक कावड घेऊन पायी सप्तशृंगी गडावर जातात. मी लहानपणी वडिलांबरोबर गेलेलो. त्या रस्त्यावर कोणी कोणाला घाई करत नाही. मला शांतता म्हटलं की तेच आठवतं.

अमळनेरची सून

दादा, कावड घेऊन वडील आणि तुम्ही गेलात. त्या आठवड्यात घरची गुरं कोणी बघितली?

उधन्याहून

आईने. खरं आहे. पण म्हणून वडिलांची श्रद्धा खोटी ठरत नाही.

सावदेकर

खोटी कोणीच म्हटलेली नाही. गिरणाकाठ ताई, पाण्याचं तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. माझ्याकडे चोवीस तास पाणी आहे, त्यामुळे पहाटेचा वेळ माझा होऊ शकला. हे लिहायला हवं होतं, पुढच्या वेळी लिहीन. पण 'नाही' म्हणण्यावर मी ठाम आहे. वाटणी होईल तेव्हा होईल. तोवर बाईने पडेपर्यंत राबायचं का?

गिरणाकाठ

ज्या बाईचा स्वतःचा पगार आहे ती 'नाही' म्हणू शकते. तुम्ही म्हणू शकता, मीही थोडंफार म्हणते. वेचणीच्या मावशीने म्हटलं तर संध्याकाळी घरात पीठ नसतं. मी लिहिलं ते तिच्यासाठी. तुमच्या पोस्टमध्ये ती कुठेच नव्हती, मला ते लागलं.

तरी पडेपर्यंत राबू नये हे तुमचं बरोबर, त्यावर माझं भांडण नाही. यंदा मी घरात सांगून टाकलंय की पेपर तपासणी संपेपर्यंत रात्रीचा स्वयंपाक आणि भांडी यांच्याकडे. पहिल्या दिवशी नुसती खिचडी होती, दुसऱ्या दिवशीही. सासऱ्यांनी ताट सरकवून दिलं. मी गप्प राहिले, हे पण गप्प राहिले, मग त्यांनी ताट परत ओढून घेतलं. फराळाला मात्र अजून हात लागलेला नाही, आणि शेव-चकली विकत आणायचा विषय काढला की घरात नवा धागा सुरू होईल.

पांझरामाय

विकतची शेव पित्त वाढवते. पोरांना सोऱ्या फिरवायला बसव, जोर लागतो त्याला, आणि तुझ्या नवऱ्याला कढईपाशी. अमळनेरच्या पोरी, तुझ्या आईचं वाचून मी रात्री जागीच होते. धाकटी जाव आमच्यातही होती. पण नदीवर हसलो ते मी खोटं म्हणणार नाही.

अमळनेरची सून

म्हणू नका, काकू. पण तुमच्या त्या धाकट्या जावेला फोन करून विचारा ती हसली होती का, आणि काय म्हणाली ते इथे लिहा.