रॉकवेलचा आकडा आणि खारा वारा

चाकूच्या पोलादाचा कडकपणा रॉकवेल आकड्यात (एचआरसी) सांगतात, आणि ‘हा आकडा जेवढा जास्त, तेवढी धार टिकते’ असं म्हटलं जातं. अर्धंच बरोबर आहे. धार वळते, झिजते, तुटते किंवा गंजते. वळू नये म्हणून कडकपणा हवा, पण झिजण्याचं गणित पोलादातल्या कार्बाइडच्या (कार्बन आणि धातूच्या अतिशय कठीण संयुगाच्या) कणांवर आणि धारेच्या कोनावर जास्त ठरतं. ६० एचआरसीची दोन पाती घ्या, एक १०९५ या साध्या कार्बन पोलादाचं, दुसरं एस३०व्ही या स्टेनलेस पोलादाचं. कोन सारखाच ठेवून सुंभ कापत राहा. दुसरं बरंच पुढे जाईल, कारण त्यात व्हॅनेडियम कार्बाइड आहेत. आकडा तोच!

आणि आपल्या किनाऱ्यावर गंज विसरून कसं चालेल? मी मालवणचा. डी२ पोलादाचा चाकू हौसेनं घेतला होता. गंज रोखणारं क्रोमियम त्यात सुमारे १२ टक्के असतं, पण बरंचसं कार्बाइडमध्येच अडकतं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नव्हे. बांगडे साफ करून नुसता पुसून ठेवला, तर दोन दिवसांत ठिपके. गंज आधी धारेच्या टोकालाच खातो, पोलाद तिथेच सगळ्यात पातळ ना.

आता खिशात व्हिक्टोरिनॉक्सचा स्विस चाकू असतो, ५६ एचआरसीच्या आसपासचा. धार लवकर उतरते हे खरं, पण दगडावर दोन मिनिटांत परत येते. होडीवर रोज नेणार असाल तर नायट्रोजनवालं एलसी२००एन पोलाद बघा. महाग आहे, पण खाऱ्या पाण्याला दाद देत नाही.